मोटार सुरू का होत नाही : एका तपासाची पद्धत

सकाळच्या घाईत किल्ली फिरवावी आणि इंजिनाने एकदोन वेळा कण्हून स्वस्थ बसावे, किंवा नुसते फिरत राहावे पण पेट म्हणून घेऊ नये, हा प्रसंग मोटार बाळगणाऱ्या बहुतेकांवर केव्हा ना केव्हा ओढवतो. आणि त्या वेळी गाडीभोवती जमणाऱ्या मंडळींपैकी कोणी बॅटरीला दोष देतो, कोणी प्लगांना, कोणी पंपावरच्या पेट्रोलला, तर कोणी सरळ धक्का मारण्याची तजवीज करू लागतो. यांपैकी प्रत्येकाचे म्हणणे कधी तरी कोठे तरी खरे ठरलेले असते, म्हणूनच ते एवढ्या ठामपणे सांगितले जाते. परंतु समोर उभ्या असलेल्या याच गाडीबाबत ते खरे आहे की नाही, याची खातरजमा करण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. परिणामी नवी बॅटरी बसते, नवे प्लग बसतात, कार्ब्युरेटर खोलून साफ होतो, पैशाचा चुराडा होतो, आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा पूर्वीसारखीच अडून बसते. वास्तविक इंजिनाच्या गरजा मोजक्या आहेत, त्यांतील प्रत्येकीची परीक्षा स्वतंत्रपणे करता येते, आणि ती योग्य क्रमाने केली तर दोषाला दडून राहायला जागा फारशी उरत नाही. तो क्रम कोणता आणि तोच का, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

जर्मनीतील निकोलाउस ऑटो याने 1876 साली चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले, आणि आजच्या पेट्रोल मोटारीतही तेच तत्त्व अबाधित आहे : दट्ट्या खाली जाताना हवा व इंधन आत ओढले जाते, वर येताना ते मिश्रण दाबले जाते, दाबलेल्या मिश्रणात ठिणगी पडून ते पेटते व दट्ट्याला खाली ढकलते, आणि शेवटी जळलेला वायू बाहेर टाकला जातो. यावरून इंजिन सुरू होण्यास काय काय लागते हे सहज ध्यानात येते. पहिली गरज बाहेरून फिरवणाऱ्या शक्तीची, कारण पहिला स्फोट होईपर्यंत इंजिन स्वतः फिरू शकत नाही. दुसरी योग्य प्रमाणातील हवा व पेट्रोल यांच्या मिश्रणाची. तिसरी ते मिश्रण पुरेसे दाबले जाण्याची. आणि चौथी नेमक्या क्षणी पडणाऱ्या सशक्त ठिणगीची. या चारही गोष्टी हजर असल्या तर इंजिनाला सुरू होण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते सुरू होत नसेल तर यांपैकी निदान एक तरी गैरहजर किंवा दुर्बळ आहे, हे निर्विवाद होय.

येथे एक शंका रास्त आहे. एकदा सुरू झाल्यावर जी गाडी पुण्याहून कोल्हापूरपर्यंत बिनतक्रार धावते, तीच सुरू होताना एवढी का रडवते? याचे उत्तर असे, की प्रारंभाच्या त्या चारदोन सेकंदांत इंजिनाच्या चारही गरजा एकाच वेळी सर्वांत अपुऱ्या भागत असतात. संथ चालीतही इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरे घेते, परंतु सेल्फ त्याला जेमतेम दीडशे ते अडीचशे फेरे देऊ शकतो. या मंद गतीमुळे दाबलेल्या मिश्रणाला दट्ट्याच्या कड्यांमधून निसटण्यास अवधी मिळतो, आणि दाबामुळे उत्पन्न झालेली उष्णता थंड भिंती शोषून घेतात. हवेचा ओढा कमी असल्याने कार्ब्युरेटरमधून पेट्रोल नीट उचलले जात नाही, आणि जे येते ते थंड नळीच्या भिंतींवर थेंबाथेंबाने चिकटते. त्याच वेळी सेल्फ बॅटरीतून शंभर-दोनशे अँपिअरचा प्रवाह ओढत असल्यामुळे बॅटरीचा विद्युद्दाब खाली येतो आणि ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या वाट्याला उरलेसुरलेच येते. म्हणून धावत्या इंजिनात जे बारीकसारीक दोष खपून जातात, ते या कसोटीच्या क्षणी उघडे पडतात. आणि म्हणूनच पुष्कळदा एकही भाग पूर्णपणे नादुरुस्त नसताना, थोडी उतरलेली बॅटरी, थोडे झिजलेले प्लग आणि थोडा चुकीचा चोक यांची बेरीज गाडीला उभी करून ठेवते.

तेव्हा हत्याराला हात घालण्यापूर्वी गाडीची कैफियत सविस्तर ऐकून घ्यावी. ती थंड असताना सुरू होत नाही, की गरम असताना? रात्रभर उभी राहिल्यावर, की दहा मिनिटे बाजारात थांबल्यावर? त्रास हळूहळू वाढत आला, की काल ठीक होती आणि आज एकाएकी बंद पडली? पावसाच्या झडीनंतर, की आठवडाभर अंगणात उभी ठेवल्यानंतर? हळूहळू वाढलेला त्रास झीज, मळ किंवा उतरती बॅटरी यांकडे बोट दाखवतो. एकाएकी उद्भवलेला त्रास बहुधा तुटलेली तार, जळालेला फ्यूज किंवा निकामी पंप यांच्याकडे. यानंतर किल्ली फिरवून कान देऊन ऐकावे. सेल्फच फिरत नाही, सेल्फ फिरतो पण इंजिन फिरत नाही, इंजिन मंद फिरते, किंवा इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नाही, अशा चार भिन्न अवस्था आहेत, आणि तपासाची दिशा त्यांवरून ठरते. पहिल्या तीन अवस्थांत पेट्रोल व प्लग यांच्याकडे ढुंकूनही पाहण्याचे कारण नाही, आणि चौथ्या अवस्थेत बॅटरी बदलण्यात अर्थ नाही, एवढे एकच सूत्र पाळले तरी निम्मा व्यर्थ खर्च वाचेल.

प्रथम इंजिन फिरतच नाही किंवा मंद फिरते, ही अवस्था घेऊ. हेडलाइट लावून त्यांच्याकडे पाहत, शक्य तर समोरच्या भिंतीवर प्रकाश पाडून, सेल्फ मारावा. दिवे मुळातच मलूल असतील तर बॅटरी उतरलेली आहे. दिवे प्रखर असून सेल्फ मारताच एकदम विझल्यासारखे होत असतील, तर एक तर बॅटरी अशक्त आहे, किंवा तिच्या टर्मिनलांचा सांधा सैल वा गंजलेला आहे, किंवा क्वचित सेल्फ आतल्या आत अडकून बेसुमार प्रवाह ओढत आहे. दिवे जराही मंद न होता केवळ 'टक्' असा एक आवाज येत असेल, किंवा तोही येत नसेल, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोचतच नाही, आणि दोष सॉलेनॉइड, त्याला हुकूम देणारी तार, किल्लीचा स्विच, किंवा ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत गिअरचा दांडा योग्य जागी नसणे, यांपैकी कोठे तरी आहे. 'टक् टक् टक्' असा भराभर आवाज हे मात्र उतरलेल्या बॅटरीचे जवळजवळ निश्चित लक्षण समजावे. आणि सेल्फ सूं करून रिकामाच फिरत असेल, तर त्याचे दात फ्लायव्हीलच्या दातांत गुंतत नाहीत.

यापुढची पायरी मल्टिमीटरची. 1859 साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने तयार केलेल्या शिसे व गंधकाम्लाच्या विद्युत्कोशाचाच वंशज आजही मोटारीत बसलेला असतो. त्याचे सहा कप्पे असून प्रत्येक कप्पा सुमारे 2.1 व्होल्ट देतो; त्यामुळे काही तास स्वस्थ राहिलेली पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 व्होल्टवर ती निम्मी उरलेली असते, आणि 12 च्या खाली गेली म्हणजे तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. परंतु स्वस्थ स्थितीतील आकडा हा अर्धाच पुरावा होय. खरी परीक्षा भाराखाली होते. सेल्फ फिरत असताना टर्मिनलांवरचा दाब 9.6 व्होल्टच्या खाली घसरत असेल तर बॅटरी संशयास्पद ठरते. तो दहाच्या वर राहूनही इंजिन मंद फिरत असेल, तर बॅटरी निर्दोष असून प्रवाह वाटेत अडतो आहे, असे समजून मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा सेल्फ मारावा. तेथे अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक दाब दिसला तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा सांधा गंजलेला आहे, हे सिद्ध होते. हीच परीक्षा धन बाजूच्या जाड केबललाही लावता येते. एक रुपयाही न खर्चता होणारी ही चाचणी मी सर्वांत मोलाची मानतो, कारण गंजलेल्या सांध्यामुळे फेकून दिल्या गेलेल्या चांगल्या बॅटऱ्यांची गणती करणे अशक्य आहे.

टर्मिनलांवर साचलेला पांढरा-हिरवा क्षार गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवावा, तारेच्या ब्रशने धातू चकचकीत करावा, सांधा आवळावा आणि वर किंचित पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरी सोडवताना ऋण टर्मिनल आधी काढावे आणि जोडताना शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार घेताना शेवटची ऋण तार आपल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून दूर, जोडावी. कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने स्फोट पावू शकतो. बॅटरी चांगली असून रोज सकाळी उतरलेली सापडत असेल तर दोन शक्यता उरतात. इंजिन चालू असताना टर्मिनलांवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. न दिसल्यास ती भरलीच जात नाही. भरली जात असूनही उतरत असेल, तर गाडी बंद असतानाही काही तरी प्रवाह खात आहे. नव्या गाड्यांत सर्व काही बंद असूनही 50 मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह क्षम्य मानतात. पण तेवढाही अखंड चालू राहिला तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे 35 अँपिअर-तासांची लहान बॅटरी महिनाभर उभ्या असलेल्या गाडीत आपोआप रिकामी होते. परदेशी मुलांकडे दोन-तीन महिने राहून परत आलेल्या वृद्ध दांपत्याची गाडी का सुरू होत नाही, याचा खुलासा या साध्या गुणाकारात आहे.

सेल्फ या सोयीची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की त्याचे मोल आठवत नाही. 1912 सालच्या कॅडिलॅक गाडीवर अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग याने बसवलेल्या विजेच्या स्टार्टरपूर्वी प्रत्येक मोटार हँडल मारून सुरू करावी लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडण्याची पाळी येई. आपल्याकडे अँबॅसडरसारख्या गाड्यांच्या पुढच्या बंपरमधून हँडल घालण्याची सोय पुढे बराच काळ राहिली, आणि बॅटरी उतरली असता तिने अनेकांची अब्रू राखली. बॅटरी, कॉइल व संपर्कबिंदू यांवर आधारलेली ठिणगीची जी पद्धत पुढे पाऊणशे वर्षे जगभर चालली, तिचे श्रेयही मुख्यतः केटरिंगकडेच जाते. आणि आता आपल्याला तिच्याकडेच वळायचे आहे.

इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नाही, या अवस्थेचे विवेचन प्रीमियर पद्मिनी या गाडीच्या आधारे करणे सोयीचे आहे, कारण तिच्यात प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी, 1089 घनसेंटीमीटर इंजिनाची ही फियाट घराण्यातील गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तीन पिढ्यांच्या परिचयाची झाली, आणि 2023 साली तिने टॅक्सीच्या धंद्यातून निरोप घेतला. अशा गाडीपुढे उभा राहिलेला जुना मिस्त्री दोनच प्रश्न विचारी : करंट आहे का, आणि पेट्रोल आहे का. शास्त्रीय दृष्टीनेही हाच क्रम योग्य आहे, कारण ठिणगीची परीक्षा मिनिटभरात होते आणि तिचे उत्तर निःसंदिग्ध असते.

एक प्लग काढून तो पुन्हा त्याच्या तारेत खोचावा, त्याची लोखंडी बाजू इंजिनाच्या धातूला टेकवावी, तार रबरी पकडीने धरावी, पेट्रोलचा ओघळ जवळपास नाही याची खात्री करून घ्यावी आणि सेल्फ मारावा. कडकड आवाज करणारी निळसर ठिणगी ही निरोगी; पिवळी-तांबूस, आवाज न करणारी ठिणगी दुर्बळ. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे, ती अशी की दाबलेल्या हवेतून ठिणगी उडण्यास उघड्या हवेपेक्षा पुष्कळ अधिक विद्युद्दाब लागतो. म्हणून बाहेर दिसणारी फिकी ठिणगी इंजिनाच्या पोटात उमटतेच असे नाही. ठिणगी दुर्बळ असेल तर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून पॉइंट पाहावेत. त्यांचे तोंड काळे पडले असेल, त्यावर एका बाजूस टेंगूळ व दुसऱ्या बाजूस खळगा झाला असेल, तर कंडेन्सर संशयित ठरतो. कारण पॉइंट उघडताना प्रवाह तत्क्षणी तोडून कॉइलमध्ये 15-20 हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होण्यास साहाय्य करणे आणि पॉइंटांना जळण्यापासून वाचवणे ही दोन्ही कामे त्याचीच. पॉइंटांमधील फट फीलर गेजने तपासून सुमारे 0.4 ते 0.5 मिलिमीटर आणि प्लगांची 0.6 ते 0.7 मिलिमीटर ठेवावी. नेमका आकडा ज्या त्या गाडीच्या पुस्तिकेवरून घ्यावा. प्लगची फट झिजून वाढली म्हणजे ठिणगीला अधिक दाब लागतो, आणि सेल्फच्या वेळी नेमका तोच कमी असतो, हे वर आलेच आहे.

कोकणात व मुंबईत पावसाळ्यात ठिणगीचा आणखी एक शत्रू उपस्थित होतो. झाकणाच्या आतील बाजूस व प्लगांच्या जुनाट तारांवर दमट हवेचा पातळ थर बसला, की वीज प्लगपर्यंत जाण्याऐवजी त्या ओल्या पृष्ठभागावरून धातूकडे पळ काढते. अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारल्यास या निसटत्या विजेच्या निळ्या रेषा तारांवरून धावताना डोळ्यांनी दिसतात, इतके हे निदान प्रत्यक्ष आहे. झाकण व तारा कोरड्या फडक्याने पुसल्यास गाडी तत्काळ सुरू होते. मात्र झाकणात केसासारखी चीर पडलेली असेल तर पुसणे हा तात्पुरताच बंदोबस्त, आणि ते झाकण बदलणेच इष्ट.

ठिणगी निर्दोष ठरली म्हणजे पेट्रोलचा तपास सुरू होतो. हवा व पेट्रोल यांचे आदर्श प्रमाण वजनाने 14.7 ला 1 असे आहे. पण जळते ती पेट्रोलची वाफ, द्रव नव्हे, आणि पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नसून सुमारे 35-40 अंशांना उकळू लागणाऱ्या हलक्या घटकांपासून 200 अंशांच्या आसपास उकळणाऱ्या जड घटकांपर्यंतचे ते मिश्रण आहे. थंड इंजिनात फक्त हलक्या घटकांचीच वाफ होते. ओल्या लाकडांची चूल पेटवताना ज्याप्रमाणे एरवीपेक्षा किती तरी अधिक काटक्या घालाव्या लागतात, त्याप्रमाणे थंडीत पुरेशी वाफ मिळावी म्हणून कित्येक पट अधिक पेट्रोल आत सोडावे लागते, आणि ते काम चोक करतो : तो हवेची वाट अडवून जेटमधून पेट्रोल जोराने ओढवतो. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे गाडी सुरू होत नसेल तर चोकचे पान पुरते मिटते की नाही, हे एअर क्लीनर काढून डोळ्यांनी पाहावे. पुष्कळदा चोकची केबल ताणून सैल झालेली असते आणि डॅशबोर्डवरील दांडा ओढूनही पान अर्धवटच वळते. बराच काळ टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून गेलेले असतात, म्हणून चाकाखाली विटा लावून ठेवलेली गाडी ताजे पेट्रोल घातल्याशिवाय दाद देत नाही.

याच्या नेमकी उलट तक्रार गरम गाडीची. घाट चढून आलेली गाडी चहासाठी दहा मिनिटे थांबवली, की पंख्याचा वारा बंद होतो पण इंजिनाची धग वर चढतच राहते. कार्ब्युरेटरच्या कपातील पेट्रोल उकळून आतल्या नळीत सांडते आणि मिश्रण इतके दाट होते की ते पेटतच नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर वारंवार दाबणे म्हणजे आगीत तेल ओतणेच, कारण प्रत्येक दाबाबरोबर पंपाने आणखी पेट्रोल फेकले जाते. चोक न लावता पेडल पूर्ण दाबून तसेच धरावे आणि सेल्फ मारावा, म्हणजे मोकळी हवा आत जाऊन जादा वाफ बाहेर निघते. दुसरा प्रकार पेट्रोलच्या नळीत व पंपात वाफ कोंडण्याचा. इंजिनावरच बसवलेल्या यांत्रिक पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ ढकलता येत नाही. बोरघाटात उन्हाळ्याच्या दुपारी पंपावर ओले फडके टाकून बसलेले ड्रायव्हर एके काळी दिसत, त्यांचा तो उपाय भौतिकशास्त्राला पूर्णपणे धरून होता. मात्र गरम झाल्यावर कॉइलही दगा देऊ शकते, आणि दोन्हींची बाह्य लक्षणे सारखीच असतात. म्हणून गाडी अडलेली असतानाच, ती निवण्यापूर्वी, ठिणगी तपासावी. निवल्यानंतर केलेल्या तपासात कोणताच पुरावा सापडत नाही.

पेट्रोल मुळातच येत नसल्याचा संशय असेल तर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा मार्ग टप्प्याटप्प्याने पाहावा : टाकीत पेट्रोल आहे का, टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे का, फिल्टर तुंबला आहे का, पंपाचा पडदा फाटला आहे का, फ्लोटची सुई चिकटली आहे का. कार्ब्युरेटरची नळी सोडवून तिचे तोंड बाटलीत धरले व सेल्फ मारला, तर सुटणाऱ्या धारेवरून अलीकडचा सर्व भाग एकाच चाचणीत दोषमुक्त किंवा दोषी ठरतो. मार्गाच्या मधोमध परीक्षा घेऊन अर्धा मुलूख एकदम वगळण्याची ही युक्ती प्रत्येक तपासात कामी येते.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरीही इंजिन बधत नाही, तर कम्प्रेशन पाहणे प्राप्त होते. ही परीक्षा शेवटी ठेवण्याचे कारण तिला श्रम अधिक लागतात आणि असे दोष तुलनेने विरळ असतात, एवढेच. ती वगळण्याची मुभा नाही. भरलेल्या बॅटरीवर, इंजिन गरम असताना, सर्व प्लग काढून, ठिणगीचा प्रवाह बंद करून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजावा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील परस्पर तफावत अधिक बोलकी असते. सुमारे 15 टक्क्यांहून जास्त फरक दुर्लक्षून चालत नाही. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे : दाब वाढला तर कड्या झिजलेल्या आहेत, कारण तेलाने त्यांची फट भरली, न वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. व्हॉल्व्हचा दोष ऐकून घाबरून जाण्याचेही कारण नाही, कारण कधी कधी टॅपेटची फट कमी राहिल्याने व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, आणि ती फट पुस्तिकेप्रमाणे जुळवली की गेलेला दाब परत येतो.

येथवरचे वर्णन जुन्या गाडीचे झाले. पण कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले म्हणून इंजिनाच्या चार गरजा बदललेल्या नाहीत, त्या पुरवणारे कारभारी तेवढे बदलले आहेत. चोकच्या जागी आता शीतकाचे तापमान सांगणारा संवेदक आहे. त्याने थंड इंजिन गरम असल्याची खोटी साक्ष दिली तर नियंत्रक संगणक कमी पेट्रोल सोडतो आणि सकाळी गाडी पेट घेत नाही. पॉइंटांच्या जागी क्रँकचा संवेदक आहे. तो बिघडू लागला तर गरम झाल्यावर मूक होतो, गाडी रस्त्यात बंद पडते आणि अर्ध्या तासाने निमूटपणे सुरू होते. टाकीतील विजेचा पंप किल्ली फिरवताच दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो आवाज मुळीच येत नसेल तर फ्यूज, रिले व पंप या क्रमाने पाहावे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी फार वेळ सेल्फ मारायला लावत असेल, तर सेल्फ न मारता किल्ली दोन-तीनदा 'ऑन' करून बंद करावी आणि मग सुरू करून पाहावे. ती झटक्यात सुरू झाली तर पंपाच्या उलटझडपेतून किंवा एखाद्या इंजेक्टरमधून रात्री दाब गळून जातो, हे जवळजवळ सिद्धच झाले. इंजिन पेट घेऊन दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत असेल, तर चोरीविरुद्धची यंत्रणा किल्लीला ओळखत नाही. संगणकात साठलेला दोषाचा कोड वाचणारे यंत्र आज सर्वत्र उपलब्ध आहे, आणि त्याचा उपयोगही मोठा आहे. परंतु तो कोड म्हणजे एका साक्षीदाराचा जबाब, अंतिम निवाडा नव्हे. संवेदकाचा कोड आला म्हणून संवेदक बदलण्यापूर्वी त्याची तार तुटलेली नाही, जोडणीत पाणी शिरलेले नाही, हे पाहणे तपासनिसाचे कर्तव्य आहे. उलटपक्षी, उतरलेल्या बॅटरीमुळे संगणक गोंधळून नसते कोड नोंदवतो. म्हणून अतिआधुनिक गाडीतही तपासाचा प्रारंभ बॅटरीपासूनच करावा लागतो.

पेट्रोलचे स्वरूपही बदलत आहे. आता आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते. शिवाय ते हवेतील ओलावा शोषते, आणि पाणी मर्यादेपलीकडे गेले की ते पाण्यासह टाकीच्या तळाशी वेगळे होऊन बसते. जुन्या गाडीतील रबरी नळ्या व पडदे त्यासाठी घडवलेले नसल्याने ते फुगतात किंवा भेगाळतात. म्हणून जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांनी पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवावी आणि इथेनॉलला तोंड देणाऱ्या नळ्या बसवून घ्याव्यात. डिझेल गाडीत ठिणगीचा प्रश्नच नसतो. तेथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटत असल्यामुळे सेल्फची गती, कम्प्रेशन, थंडीत हवा तापवणारे ग्लो प्लग आणि इंधनाच्या नळीत शिरलेली हवा, एवढ्या चार गोष्टी पाहिल्या की बहुतेक तक्रारींचा फैसला होतो.

या साऱ्या तपशिलाच्या मुळाशी विचाराची जी रीत आहे, तिला आपल्या न्यायशास्त्रात फार जुने नाव आहे : अन्वय आणि व्यतिरेक. कारण असता कार्य घडते आणि कारण नसता घडत नाही, हे दोन्ही बाजूंनी दिसल्याखेरीज कार्यकारणसंबंध सिद्ध झाला असे मानू नये. नवा कंडेन्सर लावल्यावर गाडी सुरू झाली, एवढ्याने जुना दोषी ठरत नाही, कारण तो लावताना एखादी सैल तारही आवळली गेली असेल. जुना परत लावून त्रास परत आला, तरच निवाडा पक्का. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा, आणि झालेल्या कामाची तारीखवार नोंद गाडीच्या वहीत ठेवावी. ही शिस्त पाळणारे मिस्त्री आजही गावोगावी आहेत. कोणत्याही महाविद्यालयाची पदवी नसताना ते कान, नाक व बोटे यांच्या साहाय्याने ज्या अनुमानाला पोचतात, ते कोणत्याही प्रयोगशाळेत मान्य व्हावे असे असते. अशा माणसाला 'हा भाग का बदलता' असे आदराने विचारावे आणि तो पुरावा दाखवील तर मजुरीत घासाघीस करू नये, कारण आपण त्याला पान्याच्या श्रमाबरोबरच निर्णयाचेही मोल देत असतो. आणि जो पुरावा दाखवू शकत नाही, त्याच्या हाती गाडी सोपवण्यापूर्वी मालकाने हेडलाइट, मल्टिमीटर आणि एक काढलेला प्लग यांच्या साहाय्याने आपला तपास स्वतःच सुरू करावा. पहिल्या अर्ध्या तासाचे काम तेवढ्यावर निश्चित होते, आणि बहुतेक गाड्यांना अधिक काही लागत नाही.